कुठलं मुरुड? आमच्या ट्रिपचे ४७,५०० रुपये

हिशेबाची वही माझ्याकडे होती, म्हणून हे लिहिणंही माझ्याच वाट्याला आलंय.

जानेवारी २०२४. आमचं शेवटचं वर्ष. २६ जानेवारी शुक्रवारी आलेली, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. १९ जण तयार झालो, १२ मुलं आणि ७ मुली. एक रात्र महाबळेश्वर, एक रात्र समुद्र.

कॉलेजला सांगायचं नाही हे आधी ठरलं, कुठे जायचं ते नंतर. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्यातल्याच एका कॉलेजची सहल मुरुड-जंजिऱ्याला गेली होती आणि १४ मुलंमुली समुद्रात बुडाली. तेव्हापासून अर्जात 'समुद्र' शब्द दिसला की कॉलेजवाले शंभर कागद मागतात. पालकांचं संमतिपत्र, सोबत शिक्षक, विमा. एसटी कॉलेजच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते, पण त्यालाही कॉलेजचं पत्र लागतं. तेवढा दम कोणाला होता! घरी सांगितलं 'कॉलेजची ट्रिप आहे' आणि कॉलेजला काहीच सांगितलं नाही. चार मुलींनी तर घरच्यांसाठी दोन मॅडमही सोबत घेतल्या होत्या. अर्थात तोंडी.

हे आधी सांगतोय, कारण ज्याच्याकडून ट्रिप बुक केली त्या ट्रिपवाल्याने पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "कॉलेजतर्फे की प्रायव्हेट?" मी म्हणालो, प्रायव्हेट. "मग बेस्ट भाऊ, काही टेन्शनच नाही." टेन्शन नक्की कोणाचं गेलं, ते मला फार उशिरा कळलं.

तो मिळाला एका मित्राच्या रूममेटच्या ओळखीतून. इन्स्टाग्रामवर पेज, त्यावर धुक्याचे आणि लाटांचे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आलं: माणशी ३,२००, ट्रॅव्हलर, महाबळेश्वर आणि 'मुरुड बीच' असे दोन मुक्काम, नाश्ता, रात्रीचं जेवण, 'बोटीने समुद्रातला किल्ला'. आम्ही लगेच ग्रुपवर 'जंजिरा कॉलिंग' म्हणून पोस्टर टाकलं. कोटेशनमध्ये जंजिरा हा शब्द नव्हता, हे मी आज शंभराव्यांदा वाचून सांगू शकतो.

माणशी १,५०० अ‍ॅडव्हान्स दिला. यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा बाईंचं. "ताईचं अकाउंट आहे, माझं आजचं लिमिट संपलंय." निघायच्या दोन दिवस आधी म्हणाला, लाँग वीकेंड आहे, हॉटेलवाले फुल पेमेंट मागतायत, अजून १,००० टाका. टाकले. एकूण ४७,५००. बदल्यात दोन्ही हॉटेलांची व्हाउचरं आली. पीडीएफ, लोगो, शिक्का, सगळं. आणि मी अगदीच बावळट नव्हतो, व्हाउचरवरच्या नंबरांवर फोन लावून खात्री केली. "हो सर, १९ जणांचं बुकिंग आहे." दोन्हीकडे एकच आवाज होता, हे तेव्हा कानाला जाणवलं नाही. हॉटेलचा नंबर आपण स्वतः शोधायचा असतो आणि 'बुकिंग आहे का' असं न विचारता 'पैसे किती जमा झालेत' असं विचारायचं असतं. हा एक प्रश्न विचारला असता तर आम्ही त्या दिवशी घरीच झोपलो असतो.

शुक्रवारी पहाटे पाचला गाडी आली. १७ सीटची, आणि आम्ही १९. नंबरप्लेट पांढरी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, पांढरी म्हणजे खाजगी. काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला की विमा, फिटनेस सगळं दिसतं, एका मिनिटाचं काम. पण पहाटे पाचला, थंडीत, बॅगा घेऊन उभं असताना कोण पाट्यांचे रंग बघतो? ड्रायव्हरकाका आदल्या रात्रीच शिर्डीचं भाडं सोडून आले होते. डोळे लाल.

खंबाटकीत अडकलो, सुरूर फाट्यापासून रांग, पसरणी घाट गोगलगाईसारखा. दुपारी पाचगणीला टेबललँडवर जरा पाय मोकळे केले. तेवढ्यात ट्रिपवाल्याचा मेसेज: "ग्रुपचा एक फोटो पाठवा, हॉटेलवाल्याला ओळखायला बरं." पाठवला. हॉटेलचं लोकेशन मात्र आलेलं नव्हतं, त्यासाठी मी सारखा फोन लावत होतो.

महाबळेश्वरला काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर उघडलं. तीन खोल्या, १४,००० रुपये, जमा २,०००. जेवणाबद्दल काही बोलणं नाही. ट्रिपवाल्याला फोन केला तर, "तुम्ही भरून टाका भाऊ, मी उद्या गुगल पे करतो." ही खरी मेख आहे. सगळंच खोटं असतं तर ती सरळ लबाडी ठरली असती. थोडंसं टोकन टाकून ठेवलं की पुढे 'गैरसमज झाला' म्हणता येतं. ट्रिपच्या उरलेल्या पैशांतून १२,००० भरले.

शनिवारी आंबेनळी घाट उतरताना मागे कोणीतरी आठवण काढली, २०१८ च्या जुलैमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली होती. गाडीत एकदम शांतता. मी पुढे बसून काकांशी मुद्दाम गप्पा मारत राहिलो, त्यांना डुलकी लागू नये म्हणून. कपाशीच्या भावापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं विचारून झालं.

पोलादपूरला गाडी डावीकडे वळली. आम्ही ओरडलो, जंजिरा उजवीकडे, माणगावच्या बाजूला! काकांनी त्याने पाठवलेलं लोकेशन दाखवलं: मुरुड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे जवळ जलदुर्ग, इथे हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग. फोनवर तो शांतपणे म्हणाला, "मी मुरुड म्हणालो होतो. जंजिरा कधी म्हणालो?" हा त्याच्याशी शेवटचा कॉल.

खरं सांगायचं तर दापोलीचं मुरुड फार सुंदर आहे. पण रात्री आठला, हॉटेलवाला "तुमच्या नावाने एक रुपया नाही" म्हणत असताना, सौंदर्य कोणाला दिसतं? सगळा गाव पर्यटकांनी भरलेला. शेवटी नारळाच्या वाडीतल्या एका काकूंनी मुलींना आतल्या दोन खोल्या दिल्या आणि मुलांना पडवीत सतरंज्या. "एवढ्या पोरी घेऊन रात्रीचे कुठे फिरताय रे? आधी जेवा." भात, आमटी, कुळथाची पिठी. जेवणासकट माणशी ३५०. अख्ख्या ट्रिपमधला तेवढाच व्यवहार सरळ झाला.

ताम्हिणीतून परत आलो आणि काकांनी पैसे मागितले. गाडी १६,००० ला ठरली होती, त्यांना मिळाले होते डिझेलचे ४,०००, "बाकीचे पार्टी देईल" असं सांगून. तेही आमच्यासारखेच. त्यांचे १२,००० बुडवायचा धीर झाला नाही, घरून उसने मागून दिले. म्हणजे आमच्या ४७,५०० पैकी त्याने खर्च केले ६,०००.

चौकीत गेलो तेव्हा हवालदारांनी पहिलं विचारलं, "कॉलेजचं पत्र?" मग, "पावती?" मग, "हॉटेल तर बुक होतं ना थोडंफार? मग हा व्यवहाराचा वाद झाला." तेव्हा अजून ४२० कलमच होतं, त्या जुलैपासून त्याचं ३१८ झालं. तरी मी लेखी अर्ज द्यायला तयार होतो. बाकीच्यांची नावं घालायला लागलो तर एकेक जण मागे सरकला. घरी कळेल. मॅडम कुठे होत्या ते विचारतील. आणि त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज आला, नव्या नंबरवरून: "तक्रार करा की. मी पण तुमच्या प्राचार्यांना फोन करतो." पहिल्या फोनवरचा तो 'प्रायव्हेट का' प्रश्न मला तेव्हा समजला.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी फोन केला तो नवव्या दिवशी. पैसे खात्यात असतानाच गोठवता येतात, म्हणून हा फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो. माझ्या वेळी खातं कधीच रिकामं झालेलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, हे मला कळेपर्यंत ग्रुपमधले अर्धे जण नोकरीला लागले होते आणि कोणालाच तो विषय नको होता.

गेल्या महिन्यात त्याचं पेज पुन्हा दिसलं, नवीन नावाने. 'आमचे समाधानी ग्रुप' म्हणून सहा फोटो, त्यातला तिसरा आमचा, टेबललँडवरचा. सगळे हात वर करून उड्या मारतायत. मी उजव्या टोकाला, फोन कानाला लावून उभा. त्यालाच लावत होतो.