विहिरीच्या पाण्याचा दाब: प्रेशर टँक बसवावा की व्हीएफडी पंप?

घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याजवळ आमचे दुमजली घर आहे. पिण्याचे पाणी पालिकेचे असले, तरी अंघोळ, धुणे आणि बागेसाठी आम्ही आजही अंगणातल्या बांधीव विहिरीचेच पाणी वापरतो. गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्यावरील शॉवरला जेमतेम धार येत असे. दहा मीटर उंचीला एक किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरवर) या हिशेबाने, डोक्यावर तीन मीटर उंच असलेल्या टाकीकडून ०.३ किलोहून अधिक दाबाची अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे विहिरीचे पाणी दाबाने थेट नळांना देणारा प्रेशर पंप घेणे भागच होते. मी आधी २४ लिटरचा प्रेशर टँक (आत रबरी पिशवी आणि दाबलेली हवा असलेली बंद टाकी) व साधा प्रेशर स्विच (ठरावीक दाबांना पंप चालू-बंद करणारा), नंतर दोन वर्षे व्हीएफडी पंप (गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा) आणि आता १०० लिटरचा टँक अशा तिन्ही व्यवस्था वापरल्या आहेत.

व्हीएफडीचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. खाली कुणी नळ उघडला, तरी वरच्या शॉवरची धार बदलत नव्हती, गिझरचे पाणी मध्येच गार होत नव्हते आणि मोटर सुरू होताना घरातले दिवे मंद होत नव्हते. २४ लिटरच्या टँकवर मात्र मिनिटा-मिनिटाला धार मोठी-बारीक होत असे, कारण १.५ किलोला पंप सुरू (कट-इन) आणि २.८ ला बंद (कट-आउट) अशा सेटिंगवर टँकच्या आकारमानाच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे आठ लिटर पाणीच प्रत्यक्ष हाती लागते. केवळ अंघोळीच्या सुखावर निर्णय घ्यायचा असता, तर मी आजही व्हीएफडीच वापरत असतो.

मला ज्या गोष्टीचा त्रास झाला, ती वेगळीच होती. दाब कमी होऊ लागला की व्हीएफडी मोटरचा वेग वाढवून तो भरून काढतो, आणि त्यामुळे बिघाड हळूहळू वाढत असला, तरी नळाशी त्याचा मागमूस लागत नाही. मे महिन्यात एका सकाळी आमचा पंप अचानक थांबला आणि पडद्यावर एक कोड लुकलुकू लागला. रीसेट केला की दहा मिनिटे पाणी येई आणि पुन्हा बंद. कंपनीचा माणूस चौथ्या दिवशी आला आणि पंपाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलावा लागेल असे सांगून गेला. तोवर आम्ही विहिरीतून बादल्या ओढत होतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला त्या वर चढवून देताना मला अतिशय वाईट वाटत होते. अखेर आमच्या नेहमीच्या प्लंबरने पाइप वर घेतला, तेव्हा त्याच्या तळाशी असलेल्या, पाणी मागे जाऊ न देणाऱ्या फूट व्हॉल्व्हची जाळी गाळाने आणि पिंपळाच्या मुळांनी पूर्ण बुजलेली निघाली. बोर्ड ठणठणीत होता. ती जाळी काही एका रात्रीत बुजली नसणार.

टँकच्या व्यवस्थेत हे मला कित्येक आठवडे आधी कळले असते, असे मला वाटते. आता पंपाशेजारच्या भिंतीवर मी पेन्सिलने नोंद ठेवतो: सगळे नळ बंद असताना दाबमापकाचा काटा १.५ वरून २.८ वर जायला पावसाळ्यात सव्वा मिनिट लागते. हा वेळ वाढू लागला की एकतर विहिरीची पातळी उतरलेली असते किंवा जाळी तुंबत असते. मे महिन्यात पातळी तीन-चार मीटरने खाली गेली की पंपाचा तेवढाच, म्हणजे ०.३ ते ०.४ किलो, दाब घटतो. मग काटा कट-आउटपर्यंत पोहोचत नाही आणि मोटर थांबतच नाही. अशा वेळी स्विचचे सेटिंग थोडे उतरवले की काम भागते.

इतर बिघाडही काटा पाहून बऱ्यापैकी ओळखता येतात. नळ बंद असूनही पंप अधूनमधून सुरू होत असेल, तर टँकनंतरचा घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करावा. तरीही काटा उतरत राहिला, तर फूट व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतो आहे. स्थिर राहिला, तर घरातला एखादा फ्लश गळतो आहे. पंप काही सेकंदांतच चालू-बंद होऊ लागला, तर टँकच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबून पाहावी. पाणी आले, तर आतला रबरी ब्लॅडर फाटला आहे. नळ फुरफुरत असतील, तर पंप सक्शनच्या, म्हणजे विहिरीकडून येणाऱ्या पाइपच्या, जोडातून एअर धरतो आहे. टँकमधली हवा मात्र वीज बंद करून, टँक पूर्ण रिकामा करूनच भरावी आणि ती कट-इनपेक्षा ०.१ ते ०.२ किलो कमी ठेवावी. हे आमच्याकडच्या बऱ्याच प्लंबरना आवर्जून सांगावे लागते.

१०० लिटरच्या टँकमुळे धारेतला चढउतार पूर्ण गेलेला नाही, पण तो आता इतका सावकाश होतो की घरात कुणी तक्रार करत नाही. ज्यांच्याकडे चार-पाच न्हाणीघरे एकाच वेळी वापरात असतात, टँकला जागा नाही आणि दुरुस्ती करणारा माणूस त्याच दिवशी येतो, त्यांना व्हीएफडी अधिक सोयीचा ठरू शकेल. आमच्यासारख्या चार माणसांच्या घराने मोठा टँक घ्यावा, असे मी सुचवेन. मात्र पंप निवडण्याआधी मे महिन्याच्या अखेरीस विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजून घ्यावी. ती पंपापासून सात मीटरपेक्षा खाली जात असेल, तर वर बसवलेला साधा पंप पाणी नीट ओढू शकणार नाही आणि आधी पाण्यात बुडवून बसवायच्या सबमर्सिबल पंपाचाच विचार करावा लागेल.