ओली गाडी घेतली, कोरडी परत केली अन् १२ हजार गेले

व्हिएतनामला जायचा प्लॅन असेल अन् तिथं स्कूटर भाड्यानं घ्यायचं डोक्यात असेल तर हे वाचून घ्या राजेहो. हसायचं असेल तर हसा, पण वाचा.

मी अन् माझा मित्र पंक्या, दोघंही नागपूरचे. डिसेंबरात पाठीवर बॅगा टाकल्या, ट्रेननं हावडा, कोलकात्याहून हनोईचं विमान. लोकांना वाटते तो देश म्हणजे बीच अन् हाफ पँट, पण तो उभा लांबच लांब आहे, वर सापा गाव दीड हजार मीटरवर, तिथं आपल्या तिबेटी मार्केटमधलं जॅकेट घालूनही आमचे दात वाजून राहिले होते, अन् खाली सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, घाम पुसता पुसता जीव गेला. म्हणजे बॅगेत थर्मल पण अन् बनियन पण.

हे दोन हवामान जिथं वेगळे होतात ती जागा म्हणजे हाय वान घाट. हुए अन् दा नांग या दोन शहरांच्या मधात. नावाचा अर्थच समुद्र अन् ढग. उंची फार नाही, ४९६ मीटर, पण डोंगर थेट समुद्रात उतरलेला, त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी थंड ओली हवा त्याला अडते. अलीकडे हुएमध्ये दिवसदिवस झिमझिम, पलीकडे बरेचदा चक्क ऊन. २००५ मध्ये बोगदा झाला, ट्रक-गाड्या तिकडून जातात, म्हणून घाट बाइकवाल्यांसाठी मोकळा. आम्हाला हेच पाहिजे होतं. अन् आमचा गेम पण इथंच झाला.

हुएमध्ये एका दुकानातून दोन स्कूटर घेतल्या, वन-वे, दा नांगला त्यांच्याच माणसाकडे सोडायच्या. बॅगा त्यांच्या व्हॅननं पुढे जाणार. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागितले, ते पण व्हॅननंच जाणार म्हणे. तिथं हॉटेलवाले पण एंट्रीसाठी पासपोर्ट घेतात त्यामुळे देऊन देऊन सवय झाली होती, काही वाटलंच नाही. माणूस इतका गोड की चहा पाजला, रेनकोट फुकट दिले, अन् वरून स्वतःच म्हणे व्हिडिओ काढून घ्या, नंतर कटकट नको. आम्ही म्हटलं वा, केवढा इमानदार! गाड्या बाहेर पावसात उभ्या, भिजून चकाचक. पंक्यानं चारही बाजूंनी व्हिडिओ काढला अन् आम्ही निघालो.

घाट मात्र जबरदस्त. वर धुकं, जुना विटांचा दरवाजा, लढाईच्या वेळचे बंकर, अन् उतरताना चारपाच वळणं झाल्यावर एकदम ऊन, खाली समुद्र निळा. रेनकोट काढून फेकावासा वाटला.

दा नांगला पोचलो तोवर गाड्या खडखडीत वाळलेल्या. तिथल्या पोरानं फडकं घेतलं, पुसलं, अन् एकेक ओरखडा बोटानं दाखवत गेला. पुढच्या प्लास्टिकवर, सायलेन्सरच्या कडेला, खालून. आम्ही म्हटलं गाडी कुठं पडलीच नाही, हा घे व्हिडिओ. त्यानं आमचाच व्हिडिओ शांतपणे पाहिला अन् म्हणे, बघा, यात कुठं आहे ओरखडा? खरंच नव्हता दिसत. ओल्या प्लास्टिकवर बारीक ओरखडे दिसतच नाहीत ना भाऊ, पाणी भरते त्यात, वरून ढगाळ उजेड. आमचा पुरावा त्याच्याच कामाला आला.

मागितले ६० लाख डोंग, म्हणजे तिथलं चलन. घाबरू नका, शेवटचे तीन शून्य काढून साडेतीननं गुणायचं, म्हणजे वीसेक हजार रुपये. पंक्या तापला, म्हणे पोलीस बोलाव. तो पोरगा हसला अन् म्हणे बोलावतो, आधी लायसन्स दाखवा.

इथं दुसरी गोम. निघायच्या आधी आम्ही हजार रुपये फी भरून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं होतं, आरटीओबाहेरचा दलाल म्हणे पूर्ण जगात चालते. नाही चालत. आपल्याला मिळते ते रस्ता वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारावालं, अन् व्हिएतनाम मानते १९६८ च्या व्हिएन्ना करारावालं. म्हणजे आम्ही दिवसभर बिनालायसन्सच चालवून राहिलो होतो, अन् अशात इन्शुरन्सवाला पण हात वर करतो. त्या पोराला हे सगळं पाठ होतं. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये, रात्री आमची सायगावची ट्रेन. दीड तास घासाघीस करून ३५ लाख डोंगवर मिटलं, जवळपास १२ हजार. त्या गडबडीत पंक्या २० हजार डोंगची नोट समजून ५ लाखाची नोट पुढे करत होता, दोन्ही निळसरच दिसतात, मी हात धरला म्हणून वाचलो.

तर पासपोर्ट द्यायचाच नाही. झेरॉक्स द्या, रोख डिपॉझिट द्या, नाही ऐकलं तर दुसरं दुकान पाहा. गाडी आडोशाला घ्या, स्वतःच्या फडक्यानं कोरडी करा, अन् मगच व्हिडिओ, टॉर्च मारून, खालून पण. खरं सांगू तर चालवूच नका, तिथं ईझी रायडर, म्हणजे बाइक चालवणारे गाइड मिळतात, त्यांच्या मागं बसून घाट पाहता येते. अन् हुए ते दा नांग रेल्वे तर समुद्राला चिकटून जाते, तीनेक तासात पोचवते. आम्हाला हे आधी माहीत होतं, पण हिरोगिरी करायची होती ना.

सायगावच्या ट्रेनमध्ये पंक्या वरच्या बर्थवर पासपोर्ट उलटापालटा करून पाहत होता. शेवटी मोठ्यानं वाचलं, हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे.

मी म्हटलं, आता वाचून राहिला का बे?