निओसिटीज : इंदुरी टवाळखोरांना फुकटात मिळणारी जागा

रामबागेतल्या चार टाळक्यांनी मिळून तिरकस मराठी मासिक काढायचं ठरवलं, तर ते टाकायचं कुठे? रील्सच्या गर्दीत लांब लेख कोणी वाचत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की लेखकाचं नाव पहिल्या फॉरवर्डलाच गळतं. अशा कामाला निओसिटीज ही होस्टिंग सेवा, म्हणजे वेबसाइट ठेवायला जागा देणारी सेवा, चपखल बसते. लोकांना स्वतःची पानं फुकटात बनवू देणाऱ्या आणि याहूने २००९ मध्ये गुंडाळलेल्या जिओसिटीजची आठवण ठेवून काइल ड्रेक यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. वळणही तेच : ज्याचं पान त्याने हाताने रंगवायचं.

फुकटच्या खात्यात १ जीबी जागा आणि महिन्याला २०० जीबी बँडविड्थ (वाचकांपर्यंत जाणाऱ्या डेटाची मर्यादा) मिळते. लेख आणि व्यंगचित्रं एवढंच असेल तर ही जागा वर्षानुवर्षं संपत नाही. जाहिरात एकही नाही. सर्व्हरवर चालणारी पीएचपी भाषा आणि डेटाबेस मात्र चालत नाहीत, नुसत्या एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टच्या फायली चढवायच्या. वर्डप्रेसची सवय असलेल्यांची सुरुवातीला चिडचिड होते, पण प्लगइन अपडेट करण्याची कटकटही उरत नाही.

खातं उघडताच मुखपृष्ठ, सीएसएस फाइल आणि ‘नॉट फाउंड’चं पान तयार मिळतं. हे शेवटचं पान तसंच ठेवणारे करंटे. चुकीच्या पत्त्यावर आलेल्याला तेच दिसतं, म्हणजे विनोदाची हक्काची जागा. ‘हे पान नगर निगमच्या गाडीत गेलं. ओल्यात की सुक्यात, ते गाडीवाल्याला विचारा.’ इंदूरकराला एवढं पुरतं.

खरी गोची मराठी अक्षरांची. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांमधला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. तो थेट चिकटवला की पानावर निव्वळ अगम्य चिन्हं उमटतात, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग रफार, जोडाक्षरं, विशेषतः ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर मशीन तक्रार करत नाही. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवणाऱ्या पद्धतीत जतन करा आणि पानाच्या एचटीएमएलच्या माथ्यावर तसं लिहा. भाषेचा कोड हिंदीचा न टाकता मराठीचा, म्हणजे ‘एमआर’ (mr) टाका. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं भरलेली आहेत, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श या कोडमुळेच उमटतात.

शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून सीएसएसमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवण्याचा मोह आवरा. शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फॉन्ट वॉफ२ (वेबसाठीचा आवळलेला फॉन्ट-प्रकार) मध्ये बदलून चढवला की वजन उतरतं. पण तो कापून छोटा करताना जोडाक्षरांचे नियमही कापले गेले, तर ‘क्ष’चा ‘क्‌ष’ होऊन बसतो. फाइलींना मराठी नावं देऊ नका : देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचं होतं, आणि शेअर केलेली लिंक पाहून लोकांना व्हायरस वाटतो.

मांडणीसाठी सक डॉट कॉम (१९९५–२००१) ही तिरकस अमेरिकन साइट आठवावी. रोज एक लेख, अरुंद स्तंभ, आणि लिंक हाच टोमणा : शब्द एक म्हणायचा, दुवा भलतीकडेच न्यायचा. आजही ही युक्ती जुनी झालेली नाही. मैत्रीच्या साइट्ससाठी ८८ बाय ३१ पिक्सेलची बटणं लावायची रीत निओसिटीजवर जोरात आहे. ३१ पिक्सेलच्या उंचीत मात्रा आणि उकार दोन्ही बसवायचे, तर अक्षर १४-१५ पिक्सेलचंच ठेवावं लागतं. तेव्हा नाव छोटं घ्या. ‘मालवा महाराष्ट्रीय मित्र मंडळ’ तिथे मावणार नाही, भिया.

नेहमीची तक्रार : सीएसएस बदलली, पान जुनंच दिसतं. दोष बहुतेक वेळा ब्राउझरच्या कॅशेचा, म्हणजे त्याने साठवलेल्या जुन्या प्रतीचा असतो. मुखपृष्ठावर सीएसएसच्या दुव्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून आवृत्तीचा आकडा वाढवला की सुटतं. आरएसएस फाइल, म्हणजे नवा लेख आल्याचं वाचकांच्या अ‍ॅपला कळवणारी यादी (फीड), हाताने लिहावी लागते. त्यात एक अँपरसँड (&) तसाच राहिला की अख्खी फीड बंद. आणि दर अंकानंतर डॅशबोर्डवरून संपूर्ण साइट उतरवून ठेवा. जिओसिटीजवाल्यांची पानं कशी गेली, ते वर आलंच आहे.

सर्व्हर परदेशात, म्हणून आपण मोकळे, हा भ्रम नको. भारतीय न्याय संहितेचं मानहानीचं कलम ३५६ राजवाड्यावर बसून लिहिणाऱ्यालाही लागू होतं. रंगपंचमीच्या अंकात उपाध्या वाटताना टोपी उडवा, खोटा आरोप करू नका.

महिन्याला ५ डॉलरच्या खात्यात ५० जीबी जागा, स्वतःचं डोमेन आणि ऑडिओ-व्हिडिओ चढवण्याची मुभा आहे. फुकटात मिडी फाइल (आवाजाऐवजी नुसते सूर नोंदवलेली संगीताची फाइल) चालते, पण आजचे ब्राउझर ती आपणहून वाजवत नाहीत. पॉडकास्टची हौस नसेल आणि पत्त्याच्या शेवटी निओसिटीजचं नाव खुपत नसेल, तर त्या पैशांत पोहे-जिलबी खा.