मेंदूतील एकेका केंद्रकाचे आरएनए सिक्वेन्सिंग: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेले दहा महिने मी उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातील (मेंदूच्या बाहेरच्या थरातील) गोठवलेल्या ऊतींवर एकल-केंद्रक आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका पेशीच्या केंद्रकातील आरएनए वेगळे वाचून तिथे कोणती जनुके सक्रिय आहेत ते पाहण्याची पद्धत, वापरत आहे. त्याआधी आमचे बहुतेक काम रायबोटॅग उंदरांवर चालत असे, त्यामुळे या अनुभवात त्या जुन्या पद्धतीशी तुलना वारंवार येणार आहे.

रायबोटॅग ही पद्धत २००९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्या पेशींत क्रे हे विकर असते त्याच पेशींतील रायबोसोमवरील एका प्रथिनाला खुणेचे शेपूट जोडले जाते, आणि ऊती वाटून झाल्यावर प्रतिपिंडाच्या साहाय्याने तेवढेच रायबोसोम, त्यांवर त्या क्षणी वाचले जात असलेल्या संदेशवाहक आरएनएसह, बाहेर ओढून घेता येतात. उत्तर स्वच्छ मिळते, पण कोणत्या पेशीला विचारायचे हे आधीच ठरवावे लागते. आमची अडचण नेमकी हीच होती: बाह्यकाच्या एकत्रित नमुन्यात काही जनुकांची सक्रियता बदललेली दिसत होती, मात्र तो बदल चेतापेशींतला, की अ‍ॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया या मेंदूतील साहाय्यक (ग्लिया) पेशींतला, हे सांगता येत नव्हते. पारव्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या निरोधक चेतापेशींसारखा संख्येने थोडा असलेला प्रकार तर सरासरीत पार बुडून जातो.

सबंध पेशी सोडून केवळ केंद्रके का घ्यायची, हा प्रश्न सुरुवातीला मलाही पडला होता. प्रौढ मेंदूतील चेतापेशी अक्षतंतूंच्या जाळ्यात इतक्या गुंतलेल्या असतात की त्यांना अखंड सोडवण्यासाठी ऊती विकरांत, बहुधा ३७ अंश सेल्सिअसला, बराच वेळ ठेवावी लागते, आणि त्या अवधीत पेशी जिवंत असल्यामुळे त्या या छळाला प्रतिसादही देतात. फॉस आणि जून यांसारखी जनुके उसळतात, मायक्रोग्लिया तर विशेष चटकन बिथरतात, आणि शेवटी आपण आजाराऐवजी स्वतःच्याच हाताळणीचा परिणाम मोजत बसतो. केंद्रके मात्र गोठवलेल्या ऊतीतून, सगळे काम बर्फावर ठेवून, काढता येतात. वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या मरणोत्तर मानवी मेंदूंचा अभ्यास शक्य झाला तो मुख्यतः यामुळेच.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. संचासोबत येणारी पुस्तिका वाचून असे वाटते की यंत्रात नमुना घालायचा अवकाश, पुढचे (प्रत्येक केंद्रक एकेका सूक्ष्म थेंबात बंद करून त्यातील आरएनएला त्या थेंबाची खूण लावणे) आपोआप होईल. वस्तुस्थिती अशी आहे की यश ठरते ते यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच्या पहिल्या अर्ध्या तासात. काचेच्या होमोजिनायझरचा दट्ट्या किती वेळा आणि किती दाबाने फिरवायचा हे हाताला कळायला मला सहा आठवडे लागले. कमी फिरवला तर गुठळ्या राहतात, जास्त फिरवला तर केंद्रकांचे आवरण फाटते. डिटर्जंट दोन मिनिटे अधिक राहिला तरी सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. मायेलिनचा कचरा घनता-ग्रेडियंटने बराचसा जातो, सगळा जात नाही. आरएनए तोडणाऱ्या विकराला रोखणारा आरएनएज-निरोधक वाचवण्याच्या नादात मी एकदा धुण्याच्या द्रावणात त्याचे प्रमाण निम्मे केले आणि आठ नमुन्यांची लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए) वाया घालवली. ही काटकसर कोणीही करू नये.

सर्वांत मोठा धडा मिळाला तो चौथ्या महिन्यात. आमच्या माहितीत अ‍ॅस्ट्रोसाइटचा एक वेगळा गट दिसू लागला होता, ज्यात चेतापेशींची ठळक जनुके मंदपणे सक्रिय भासत होती. आम्ही दोन आठवडे आनंदात होतो. मग कोणीतरी रिकाम्या थेंबांकडे लक्ष वेधले. केंद्रके काढताना फुटलेल्या पेशींचे आरएनए द्रावणात तरंगत राहते आणि प्रत्येक थेंबात थोडेथोडे शिरते. उत्तेजक चेतापेशी मोठ्या आणि आरएनएने समृद्ध असल्याने हे तरंगते आरएनए मुख्यतः त्यांचेच असते. ज्या थेंबांत एकही केंद्रक नव्हते त्यांतही तीच जनुके त्याच प्रमाणात होती. पार्श्वभूमी वजा करणारी सेलबेंडर ही प्रणाली चालवल्यावर तो ‘नवा’ गट नाहीसा झाला. तेव्हापासून ग्लिया पेशींत चेतापेशींचे जनुक दिसले की मी आधी रिकामे थेंब पाहतो.

जोड-थेंबांचेही असेच. आम्ही वापरलेल्या संचाच्या आवृत्तीत एका वेळी दहा हजार केंद्रके मिळवायची ठरवली तर केंद्रक असलेल्या थेंबांपैकी साधारण ८ टक्के थेंबांत दोन केंद्रके सापडतात, आणि उत्तेजक व निरोधक अशा दोन्ही खुणा, म्हणजे एसएलसी१७ए७ आणि जीएडी१, एकत्र दाखवणारा ‘संकर प्रकार’ बहुधा तिथूनच जन्मतो.

केंद्रकातील आरएनएचा मोठा भाग अजून न कापलेला, म्हणजे इंट्रॉनसहित (नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांसहित), असतो. त्यामुळे मोजणीत इंट्रॉनवरचे वाचन धरणे आवश्यक आहे. आमच्या जुन्या मांडणीत ते वगळले जात होते आणि मायक्रोग्लियासारखी आरएनए कमी असलेली केंद्रके त्यामुळे गाळणीतच बाद होत होती.

पेशींचे प्रकार ओळखण्यात ही पद्धत अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नसावे. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदराच्या संपूर्ण मेंदूच्या नकाशात, प्रामुख्याने अखंड पेशींच्या सिक्वेन्सिंगवरून, पेशींचे ५,३०० च्या वर गट नोंदवले आहेत. आपली केंद्रके त्यावर ठेवून पाहिली की ती बहुतेक वेळा आपापल्या जागी बसतात. ‘सक्रियता’ या शब्दाबाबत मात्र मी सावध झालो आहे. केंद्रकात दिसते ते नुकतेच लिहिले गेलेले आरएनए. ते पेशीद्रव्यात पोहोचले का, त्यापासून प्रथिन बनले का, हे तिथे कळत नाही. सीएएमके२ए सारख्या जनुकाचे आरएनए चेतासंधींजवळ डेंड्राइटमध्ये जाऊन तिथेच वाचले जाते, आणि तो सगळा भाग आपण पहिल्याच पायरीवर धुऊन टाकलेला असतो. मानवी मायक्रोग्लियाच्या सक्रियतेची अनेक जनुके केंद्रकात कमी पकडली जातात, हे २०२० साली दाखवले गेले आहे.

संख्याशास्त्राबाबतही एक तक्रार आहे, पण ती पद्धतीपेक्षा आपल्या सवयीविरुद्ध अधिक आहे. आमच्याकडे साठ हजार केंद्रके होती, तरी उंदीर आठच होते, चार एका गटात आणि चार दुसऱ्यात. प्रत्येक केंद्रक स्वतंत्र नमुना मानले तेव्हा शेकडो जनुके ‘लक्षणीय’ ठरली. प्रत्येक उंदराची एकेका प्रकारातील केंद्रके एकत्र बेरजून, उंदीर हाच नमुना धरून पुन्हा तुलना केली तेव्हा मोजकीच उरली, आणि पुढे ऊतीच्या छेदांवर तपासताना टिकली तीही त्या मोजक्यांपैकीच.

न्यूएन (NeuN, चेतापेशींच्या केंद्रकातील एक प्रथिन) याच्या प्रतिपिंडाने चेतापेशींची केंद्रके आधी वेगळी करण्याचा टप्पा आम्ही बाह्यकासाठी बंद केला आहे, कारण केंद्रके निवडून वेगळी करणाऱ्या सॉर्टर यंत्रातून जाण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात आरएनए गळत राहते. शिवाय अनुमस्तिष्कातील पर्किंजे पेशी या प्रतिपिंडाने रंगतच नाहीत, त्यामुळे तिथे त्याच्यावर विसंबून काम करणाऱ्याच्या हातून त्या निसटतात. सध्या प्रत्येक उंदराचा एक गोलार्ध केंद्रकांसाठी आणि दुसरा छेदांसाठी ठेवतो. बदल कोणत्या प्रकारात आहे हे आता कळले असल्यामुळे त्या एका प्रकारासाठी रायबोटॅग उंदरांची पैदास आम्ही गेल्या महिन्यात पुन्हा सुरू केली आहे.