समिती, लोकपाल की उच्च न्यायालय: विद्यापीठातील तक्रार कोठे न्यावी?

प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत मिळत नाही, मूळ कागदपत्रे महाविद्यालयाने अडवून ठेवली आहेत, निकाल शैक्षणिक वेळापत्रकातील तारीख उलटून गेली तरी लागत नाही, किंवा जात, लिंग वा अपंगत्व यांवरून वेगळी वागणूक मिळते, अशा वेळी विद्यार्थी आणि पालक सहसा दोनच मार्गांचा विचार करतात: प्राचार्यांना विनंती करणे किंवा वकील गाठणे. या दोहोंच्या मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनी दोन पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिली संस्थेतील विद्यार्थी तक्रार निवारण समितीची, तर दुसरी विद्यापीठाच्या लोकपालाची. कोणती तक्रार कोठे टिकेल आणि कोठे वेळ वाया जाईल, हे आधी कळले तर पुष्कळ मनस्ताप वाचतो, म्हणून हा आढावा.

समितीचे अध्यक्षपद प्राध्यापकाकडे असते आणि तिच्यात चार प्राध्यापक वा ज्येष्ठ अध्यापक सदस्य असतात. गुणवत्ता, क्रीडा किंवा सहशैक्षणिक उपक्रमांतील कामगिरीवरून नामनिर्देशित झालेला एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. अध्यक्ष आणि सदस्य यांच्यापैकी किमान एक महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती वा इतर मागासवर्गातील असावा लागतो. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने आपला अहवाल शिफारशींसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो आणि त्याची प्रत तक्रारदाराला द्यायची असते. सुनावणीला विद्यार्थ्याला स्वतः हजर राहता येते किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. शुल्क परतावा, दाखला, शिष्यवृत्तीचा अडकलेला अर्ज यांसारख्या कामांत हा मार्ग सर्वांत जवळचा आहे, कारण समितीसमोर विषय आला की एरवी कार्यालयात पडून राहिलेली फाइल हलते.

तिची उणीवही तितकीच उघड आहे. समितीचे अध्यक्ष आणि सदस्य त्याच संस्थेचे पगारदार असतात, आणि ज्या विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच शेजारच्या खोलीत त्यांची रोजची उठबस असते. त्यांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही, परंतु संस्थेच्या धोरणाविरुद्ध किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध स्पष्ट मत नोंदवणे त्यांना जड जाते, हे मान्य करूनच विद्यार्थ्याने या पायरीकडे पाहावे. आयोगाने लोकपालाची तरतूद केली ती याच अडचणीसाठी.

लोकपाल हा अर्धवेळ असतो. निवृत्त कुलगुरू, अधिष्ठाता वा विभागप्रमुख म्हणून काम केलेला आणि प्राध्यापकपदाचा १० वर्षांचा अनुभव असलेला निवृत्त प्राध्यापक, किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांपैकी कोणीही या पदावर नेमला जाऊ शकतो. नेमणुकीपूर्वीच्या एका वर्षात आणि पदावर असताना त्याचे त्या विद्यापीठाशी हितसंबंध गुंतलेले नसावेत, अशी अट आहे. मुदत तीन वर्षांची किंवा वयाच्या सत्तरीपर्यंतची, जे आधी घडेल ते, आणि पुनर्नियुक्ती एकदाच. त्याला मासिक वेतन नसून सुनावणीच्या बैठकीनुसार मानधन मिळते. नेमणूक विद्यापीठच करते, त्यामुळे हे स्वातंत्र्य संपूर्ण आहे असे म्हणता येत नाही. तरीही संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्याच्या प्राचार्यांना किंवा संस्थाचालकांना उत्तरदायी नसलेली व्यक्ती त्याचे म्हणणे ऐकते, आणि लहान गावातल्या, एकाच कुटुंबाच्या हाती असलेल्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा फरक फार मोठा आहे.

समितीच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करावे लागते, आणि लोकपालाने ते शक्यतो ३० दिवसांत निकाली काढायचे असते. समिती शिफारस करते, तर लोकपाल दोन्ही बाजू ऐकून कारणांसह आदेश देतो. संस्थेने तो पाळला नाही तर लोकपाल आयोगाला कळवतो. त्यानंतर आयोग त्या संस्थेचे अनुदान रोखू शकतो, संलग्नता काढून घेण्याची शिफारस करू शकतो, किंवा राज्य विद्यापीठ असेल तर राज्य सरकारकडे कारवाईची शिफारस करू शकतो. मात्र ही शिक्षा संस्थेला होते आणि तिला वेळ लागतो. आदेश न पाळणाऱ्याला थेट अवमानाची नोटीस काढण्याची न्यायालयासारखी ताकद लोकपालाकडे नाही. तक्रार निव्वळ खोडसाळ आढळली, तर तक्रारदारावर कारवाईची शिफारसही लोकपाल करू शकतो, हेही ध्यानात असावे.

सर्वांत जास्त गैरसमज गुणांबाबत आहे. निकालात गुण कमी पडले म्हणून लोकपालाकडे धाव घेणाऱ्याला बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागेल, कारण उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनाचा किंवा फेरमोजणीचा अर्ज लोकपाल ऐकून घेत नाही. त्याला दोनच अपवाद आहेत: निकालावर खरोखर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता, किंवा भेदभावाची विशिष्ट घटना. ‘माझा पेपर चांगला गेला होता, तरी नापास केले’ असा अर्ज टिकणार नाही. ‘पाचव्या प्रश्नाचे दुसरे उपउत्तर पुरवणीत आहे आणि ती पुरवणी तपासलीच गेली नाही’ हा अर्ज टिकू शकतो. म्हणून आधी परीक्षा विभागाकडून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मिळवावी. ती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. प्रत हातात आल्यावर अनियमितता दिसली तर लोकपालाकडे जावे, आणि दिसली नाही तर विद्यापीठाची नेहमीची पुनर्मूल्यांकनाची वाट धरावी. भेदभावाच्या तक्रारीत लोकपालाला न्यायमित्राची, म्हणजे निवाड्यात साहाय्य करणाऱ्या तटस्थ जाणकाराची, मदत घेण्याची मुभा आहे. ती त्याने घ्यावी, अशी विनंती अपिलातच करून ठेवणे चांगले.

आता उच्च न्यायालय. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या बेकायदा कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागणारा अर्ज, करता येते, आणि मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर व पणजी येथील खंडपीठे, तसेच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) यांमुळे प्रवासाचा भार पूर्वीपेक्षा हलका झाला आहे. न्यायालयाचे खरे बळ अंतरिम आदेशात, म्हणजे अंतिम निकालापूर्वी मिळणाऱ्या तात्पुरत्या आदेशात, आहे. परीक्षा पाच दिवसांवर आली असताना प्रवेशपत्र नाकारले गेले, किंवा प्रवेशाची शेवटची फेरी संपत आली असेल, तर लोकपालाच्या ३० दिवसांची वाट पाहणे म्हणजे वर्ष गमावणे होय, आणि तेथे न्यायालयच योग्य. एरवी मात्र न्यायालय पहिला प्रश्न हाच विचारण्याची शक्यता असते की, विनियमांत दिलेला उपाय आपण वापरला का. शिवाय वकिलाचा खर्च असतो, तारखा लांबू शकतात, आणि पूर्णपणे खासगी संस्थेविरुद्ध रिट याचिका ग्राह्य आहे की नाही यावरच वाद सुरू होऊ शकतो. माझे मत असे की, ज्या तक्रारीला दीड-दोन महिने थांबणे परवडते तिने आधी समिती आणि लोकपाल यांच्याच वाटेने जावे. तेथे तयार झालेली लेखी नोंद पुढे न्यायालयातही उपयोगी पडते.

काही तक्रारी या तुलनेच्या बाहेरच्या आहेत. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे जाते. रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आणि आयोगाचे २००९ चे विनियम आहेत, आणि तेथे पोलिसांचा संबंधही येतो. शिक्षक आणि कर्मचारी यांना हा लोकपाल उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये वेगळी तक्रार निवारण समिती आणि न्यायाधिकरण आहे.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी आणखी एक भेद जाणून घ्यावा, कारण नाव सारखे असले तरी काम वेगळे आहे. आपल्या लोकपालाला विनियमांत इंग्रजीत ‘ओम्बड्सपर्सन’ म्हटले आहे, पण अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांचे ओम्बड्स कार्यालय आदेश देत नाही. स्वातंत्र्य, तटस्थता, गोपनीयता आणि अनौपचारिकता ही त्याची चार तत्त्वे आहेत. तेथे सांगितलेली गोष्ट सहसा नोंदीत जात नाही, आणि म्हणूनच तेथे बोलणे म्हणजे विद्यापीठाला रीतसर तक्रार कळवणे नव्हे. मार्गदर्शकाशी बिनसलेल्या संशोधक विद्यार्थ्याला, व्हिसा आणि शिष्यवृत्ती दोन्ही त्याच्याच शब्दावर अवलंबून असताना, असे गोपनीय संभाषण अमूल्य ठरते. आपल्याकडील लोकपाल नेमका याच्या उलट आहे. तो अपील ऐकतो, पण नाव गुप्त ठेवून मध्यस्थी करण्यासाठी तो नेमलेला नाही. आपल्या विद्यापीठांत ती जागा अद्याप रिकामी आहे, आणि पीएच.डी.चे विद्यार्थी ज्या एकटेपणात मार्गदर्शकाशी मतभेद सोसतात तो पाहता ती लवकर भरली जावी असे मनापासून वाटते.

निर्णय घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लोकपालाचे नाव आहे का, हे पाहावे. ते आणि समितीचा तपशील प्रसिद्ध करणे संस्थेवर बंधनकारक आहे, तरीही जून २०२४ मध्ये लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी आयोगाला जाहीर करावी लागली होती. नाव नसेल तर कुलसचिवांना लेखी विचारणा करून तिची प्रत आयोगाला पाठवावी. तक्रार संस्थेच्या ऑनलाइन पोर्टलवर करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. अर्ज कागदावर दिला असेल, तर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण समितीचे १५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.