लॉगलाइन फीडबॅकचा चार रकान्यांचा तक्ता : आठ महिने वापरल्यावर

आमच्या सात-आठ जणांच्या गटात विज्ञानकथांच्या लॉगलाइनवर फीडबॅक द्यायला आम्ही एक तक्ता वापरतो, त्याला आता आठ महिने झाले. लॉगलाइन म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही, 25-30 शब्दांत कथेचा गाभा, नायकाचं नाव नाही, फक्त तो कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय आणि नाही जमलं तर काय जाणार, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. तक्त्यात चार रकाने : विज्ञान, पात्र, अडचण, पणाला काय. याच क्रमाने. माझं सगळं भांडण या क्रमाशी आहे.

गेल्या महिन्यात गटात नवीन आलेल्या एका मुलाने लॉगलाइन दिली. "पाच प्रकाशवर्षांपूर्वी हरवलेल्या यानातून एका निवृत्त तंत्रज्ञाला स्वतःच्याच आवाजात संदेश येतो, आणि तो खरा मानायचा तर घरात असलेल्या मुलाला मेलेला मानावं लागेल." मला वाचून काटा आला अंगावर. सात जणांचे सात तक्ते आले आणि साती तक्त्यांत पहिल्या रकान्यात एकच गोष्ट, प्रकाशवर्ष हे अंतर आहे, वेळ नाही. एकाने तर 9.46 लाख कोटी किलोमीटर असा आकडासुद्धा दिला. बरोबरच आहे, सांगायलाच हवं होतं, पण एकदा सांगून पुरे होतं ना. पात्राच्या रकान्यात चौघांनी "ठीक" लिहिलं, दोघांनी कोरा सोडला. मुलगा मेलेला का मानावा लागेल, हे एकानेही विचारलं नाही. त्याने मुकाट्याने "पाच वर्षांपूर्वी" केलं आणि त्यानंतर काही आणलंच नाही. त्या साती तक्त्यांत एक माझा होता, म्हणून जास्तच लागलं.

हे का होतं ते मला कळलंय असं वाटतं. चूक सापडली की आपल्याला वाटतं काम झालं, मग पुढचं वाचताना डोळे नुसते फिरतात. आणि विज्ञानाची चूक सापडायला सगळ्यात सोपी, एक शब्द शोधला की उत्तर तयार, त्यात समोरच्याची कथा समजून घ्यावी लागत नाही. म्हणून तो रकाना पहिला ठेवणं म्हणजे दारातच खुर्ची मांडून ठेवण्यासारखं आहे, जो येतो तो तिथेच बसतो, घरात कुणी जात नाही.

बाकीचे रकाने चांगले चालतात. "पणाला काय" मध्ये दहातल्या सहा-सात वेळा "मानवजातीचं अस्तित्व" येतं, तेव्हा मी एवढंच विचारतो की कथेतल्या त्या माणसाचं स्वतःचं काय जाणार, आणि बहुतेक वेळा पुढची लॉगलाइन सुधारून येते. नावं झाकून तक्ते फिरवायचे हे आम्ही चौथ्या महिन्यापासून सुरू केलं तेही लाभलं. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला नाव बाजूला ठेवावंसं वाटलं तर आम्ही का नको.

इथपर्यंत रविवारी लिहून ठेवलं होतं आणि शेवट "विज्ञानाचा रकाना काढून टाका" असा करणार होतो. आज बुधवार, आणि ते मी मागे घेतोय.

झालं असं, गटातल्या एका ताईंची पाचव्या महिन्यातली लॉगलाइन होती, "मंगळावरच्या वस्तीतली डॉक्टर पृथ्वीवरच्या आजारी आईचा निरोप घ्यायला धडपडते." तेव्हा मी विज्ञानाच्या रकान्यात लिहिलं होतं, मंगळ काढून दुसरा देश टाकला तरी कथा तशीच राहते, मग मंगळ कशाला? ही परीक्षा सगळेच लावतात आणि ती चुकीची नाही, पण त्या वाक्यावर लिहिणाऱ्याने करायचं काय? ताईंनी ती लॉगलाइन बाजूला ठेवून दिली. मागच्या आठवड्यात मीच ती परत काढली आणि त्याच रकान्यात नवीन प्रश्न लिहून दिला : तिने "आई" अशी हाक मारली तर "ओ" यायला किती वेळ लागेल?

ताई कामाला लागल्या. मंगळ कुठे आहे त्यावर संदेश पोचायला एका बाजूने 3 ते 22 मिनिटं लागतात, म्हणजे जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. शोधता शोधता त्यांना आणखी एक सापडलं, साधारण दर 26 महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मधे येतो आणि दोनेक आठवडे तिथल्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात. आणि तेव्हाच मंगळ सगळ्यात लांब असतो. काल त्यांची लॉगलाइन आली :

"सूर्य आड येऊन पृथ्वीशी संपर्क तुटायला तीन दिवस उरलेत, मंगळावरच्या डॉक्टरला आईचा व्हेंटिलेटर काढायचा की नाही ते ठरवायचंय, आणि बहिणीशी वाद घालताना प्रत्येक वाक्याचं उत्तर 40 मिनिटांनी येतंय."

तीनदा वाचली मी. आता यातून मंगळ काढून दाखवा.

म्हणजे रकाना वाईट नव्हता, त्यात आम्ही विचारत होतो ते वाईट होतं. "विज्ञान बरोबर आहे का" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर निघतं. "या विज्ञानामुळे या माणसाला काय करता येत नाही" असं विचारलं की लिहिणारा पुन्हा लिहायला बसतो. माझ्या तक्त्यात मी हेडिंग बदललंय आणि रकाना पात्राच्या खाली आणलाय, क्रमाबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे, पात्र आधी. गटात दोघांना हे पटलेलं नाही, ते म्हणतात चुका सुटतील. सुटू देत, त्या शेवटच्या वाचनात पकडता येतात, निघून गेलेला लिहिणारा परत आणता येत नाही.

त्या मुलाला काल रात्री मेसेज केला. प्रकाशवर्षाचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, संदेश येतो तेव्हा मुलगा घरात नक्की काय करत असतो? सकाळी उत्तर आलं, "बाबांचा जुना रेडिओ दुरुस्त करत असतो, त्यातूनच तो आवाज येतो." खाली लिहिलं होतं, शनिवारी नवीन लॉगलाइन आणतो.