नेल्सन स्मारक, एडिनबरा : १४३ पायऱ्या, पण एक वाजता खालीच थांबा

लेकाकडे-लेकीकडे स्कॉटलंडला निघालेल्या सोलापूरकरांना आधीच सांगतो: मनोरा चढण्यासारखा आहे, पण गुडघे साथ देत असतील तरच. लिफ्ट नाही. १४३ पायऱ्या म्हणजे आपल्याकडच्या बिल्डिंगचा सातवा मजला, तोही अरुंद गोल जिन्याने.

मनोरा कॅल्टन हिलवर आहे. वेव्हर्ली स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं धरा, शेवटचा भाग चढणीचा. टेकडीवर फिरायला पैसे लागत नाहीत, मनोरा चढायला तिकीट आहे. १८०५ च्या ट्रफाल्गारच्या समुद्रावरच्या लढाईत ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन मारला गेला, त्याच्या स्मरणार्थ १८०७ ला काम सुरू झालं. उंची सुमारे ३२ मीटर, आकार उभ्या ठेवलेल्या दुर्बिणीसारखा. आत शिरण्याआधी दारावर बघा, नेल्सनने जिंकलेल्या सान होसेफ जहाजाचा मागचा भाग दगडात कोरलाय. बहुतेक जण त्याच्याखालून तसेच आत जातात.

खरी गंमत माथ्यावरच्या काठीवरच्या गोळ्याची. लाकडी गोळा, वर जस्ताचा पत्रा. एकच्या थोडं आधी तो वर चढवतात आणि बरोबर एकला सोडतात. आपल्याकडे गिरणीच्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं. इथे लीथ बंदरातली जहाजं या गोळ्यावर लावायची. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे ती घड्याळावरून काढायची. घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर जहाजाची जागा एका सागरी मैलाने चुकते, म्हणून एवढा खटाटोप. पण धुक्यात गोळा दिसेना, तेव्हा १८६१ पासून किल्ल्यावरून एकची तोफ सुरू झाली.

इथेच लोक चुकतात. गोळा खाली टेकला की एक वाजला असं समजतात. तसं नाही, गोळा सुटतो तो क्षण एकचा. तोफेचा आवाज किल्ल्यावरून लीथ बंदरात पोचायला दहाएक सेकंद घेतो, म्हणून जहाजावरचा माणूस कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा. दुसरी चूक म्हणजे एकच्या ठोक्याला गच्चीवर असणं. तिथे गोळा तुमच्या डोक्यावर, मान मोडली तरी नीट दिसत नाही. एकला टेकडीवर लांब उभं राहा, मग चढा. रविवारी तोफ नसते आणि वारा जोराचा असला तर गोळाही सोडत नाहीत, म्हणून त्या दिवशीचं दारावरच विचारून घ्या.

चढताना पाय बाहेरच्या भिंतीच्या बाजूने टाका, पायरी तिथे रुंद असते. आतल्या बाजूला टाच मावत नाही. वरून कुणी येत असेल तर आवाज द्या. साडीच्या निऱ्या जरा वर खोचा, चपला नकोत, पाठीवरची सॅक पुढे घ्या. गच्चीचं दार इतकं अरुंद की अंगापिंडाने भरलेल्या माणसाला आडवं होऊनच बाहेर पडावं लागतं.

वर किल्ला, आर्थर्स सीट नावाचा डोंगर, लीथ आणि फोर्थची खाडी एका फेरीत दिसतात. वारा मात्र बेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाची परीक्षा बघतो. कानटोपी हवीच, जूनमध्येसुद्धा. समुद्रावरून दाट धुकं आलं असेल तर तिकीट काढू नका, पांढऱ्याशिवाय काही दिसणार नाही. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, तेव्हा एकनंतर जेवायला जाऊन परत येऊ म्हणाल तर उजेड गेलेला असेल.